जबड्याशी तुटला

कुपवाड एमआयडीसी, दुपारचे सव्वातीन.
एसी चालू आहे, पण माझ्यासाठी नाही,
पट्ट्यांसाठी. चोवीस तास एकाच हवेत
पडून राहिल्याशिवाय त्यांची साक्ष धरत नाहीत.

मेंढीची लोकर, घायपाताचा वाख, वर रेझिनचा हात.
उभा धागा नाही, आडवा नाही.
काटेरी सुयांनी टोचटोचून
एकमेकांत अडकवलेला नुसता गुंता.
अण्णा माधवनगरला मागावर होते.
आमच्या घरी गुंता म्हणजे कात्रीचं काम.

काचेबाहेर बाकावर बाबालाल पिंजारी,
पहाटेच्या एसटीनं जतहून आलेले.
लोकर त्यांनीच पिंजून दिलेली.
'आमच्यात ह्याला जेन म्हणत्यात,' म्हणाले,
'साबणाचं पाणी आन् दोन माणसांचं पाय.
सुया कशाला?'

वरचा जबडा, खालचा जबडा. आवळलं.
लोड सेल शून्यावर.
आधी काहीच होत नाही. मग तंतू
ओढीच्या दिशेला तोंड करतात,
सभा संपल्यावर माणसं दाराकडे वळतात तसे.
रेघ चढते. कट्.
तो रेझिनचा आवाज.
त्यानंतर कितीतरी वेळ
तुटणं नाहीच,
सुटणं.

पहिल्या तीन बऱ्या गेल्या.
चौथी वरच्या जबड्यापाशीच तुटली.
बिरनाळे मॅडम वहीतून मान वर न काढता:
'ती धरू नका.'

नियमच आहे तसा. धरलं तिथंच जे तुटतं
ते मालाचं बळ सांगत नाही,
पकडीचं सांगतं.
आकडा कसाही येवो, काट मारायची.

काट मारली.
गिरणीच्या शेवटच्या कागदावर
अण्णांच्या नावापुढं शेरा होता: काम झेपत नाही.
तुटलं ते नेमकं कुठं,
हे कुणी वाकून बघितलं होतं?

चहाच्या वेळी बाबालालनी ती पट्टी मागून घेतली.
तुटलेली टोकं थुंकीनं ओली केली,
तळहातांत घासली, पुन्हा घासली,
नाकाशी नेली.
'न्हाई जुळायची. एकटी असती तर जुळली असती.'
आणि तरी खिशात ठेवली.

रुंदीच्या दिशेच्या पाच अजून बाकी आहेत.
जतची गाडी साडेपाचला.
मी पाचवी लावतो. जबडा आवळताना
हात आज जरा
सैल पडतो, मग पुन्हा
मापाला येतो.