वजनकाटा

सूरच्या जुन्या बाजारात, मासळीबाजाराच्या मागे
दुकानाच्या पाटीवर नाव सालिम बिन हमद यांचं.
याकूब फणसोपकर हे नाव फक्त पावतीपुस्तकावर,
तेही रबरी शिक्क्याचं, अर्धं उमटलेलं.

नळ, कोपरे, ताडपत्री, रंगाचे डबे,
आणि खिळे. ते किलोवर.
त्यासाठी हा काटा, हिरवा रंग उडालेला.
सुई शून्यावर येत नाही, अर्ध्या किलोवर थांबते.
पहिल्याच दिवशी मला म्हणाले,
"गिऱ्हाइकाला आधी सुई दाखवायची.
मग खिळे टाकायचे."

गुरुवारी रात्री शटर अर्धं खाली आलं
की याच काट्यावर बॅगा चढायच्या.
बोटींवरचे, बांधकामावरचे, लाँड्रीतले,
दोन वर्षांनी घरी निघालेले.
तीस किलो म्हणजे तीस किलो.
कुणाची इस्त्री बाहेर निघायची, कुणाची दूधपावडर.
"साबण काय गावाला विकायचाय तुला?"
असं ओरडत याकूबभाई फरशीवर मांडी घालून
दुसऱ्याच्या बॅगेची दोरी आवळायचे.
चहा मात्र ज्याचा त्याने आणायचा.

एकदा पाना शोधताना खालच्या खणात
निळी वही सापडली. उधारीची वही लाल,
ती मला पाठ होती. ही नव्हती.

"सुरेंदर यादव. मचाणावरून. पेटीसकट ११८ किलो.
कागदांना नऊ दिवस. भाऊ विमानतळावर आला."
"नाव कळलं नाही. समुद्रातून. इथेच पुरला.
मी आणि मशिदीतले चौघे."
"लक्ष्मण गोताड. झोपेत. आईला फोन मी केला."
त्यापुढे काही नाही. पेनाचा एक जाड ठिपका,
टेकवून बराच वेळ न उचललेला.

तेव्हा कळलं, महिन्यातून दोनदा
मस्कतला "माल बघायला" जातात
आणि रिकामी गाडी का परत येते.
अरबी त्यांची मोडकी, इंग्रजी त्याहून.
पण पोलीस ठाण्यात, शवागारात, वकिलातीच्या खिडकीशी
असे उभे राहायचे, हात मागे बांधून,
की शिक्का मारणाऱ्यालाच अवघडायचं.

संत वगैरे नव्हते. हे लिहायलाच हवं,
कारण त्याच वहीचं पहिलं पान मी वाचलंय.
वादळ येणार म्हणून रेडिओ सांगत होता त्या दुपारी
तीन रियालची ताडपत्री त्यांनी सहाला विकली.
सतरा नग. रात्री पाणी बाजारात शिरलं,
वाळूच्या गोण्या पानांसारख्या तरंगल्या.
सकाळी उरलेल्या ताडपत्र्या फुकट वाटल्या,
बाजारभर लोकांनी दुवा दिला.
आणि पहिल्या पानावर सतरा नावं,
प्रत्येकापुढे : तीन रियाल, परत करणे.

वर्षानुवर्षं शोधत होते.
कुणी सलालाहला गेलेला, कुणी कायमचा मुलतानला,
एकाचे तीन रियाल
त्याच्या पेटीबरोबर पाठवले, पाकिटात.

मागच्या शाबानमध्ये ते फणसोपला परतले.
गुडघे गेले होते, झुबेदाचाची थकली होती.
त्यांची बॅग मीच तोलली :
अकरा किलो, त्यातला अर्धा सुईचा.
बाकीचं वजन लगेच भरलं,
सात जणांनी सात पुडकी आणून दिली.
काटा दुरुस्त करून घेऊ का, विचारलं.
म्हणाले, "कशाला? सवय आहे लोकांना."

आता फोन येतो. दुकान कसं चाललंय, विचारत नाहीत.
रास अल हद्दच्या त्या नेपाळ्याचा पगार मिळाला का,
इस्पितळातल्या पोराला कुणी भेटलं का.

चौदा नावं खोडलेली आहेत.
उरले गुलाम रसूल, पेंटर. बिजू, आइसफॅक्टरी.
आणि एक नुसताच "लाल टोपीवाला".
गुरुवारी बॅग काट्यावर ठेवली की
मी आधी सुई दाखवतो,
मग नाव विचारतो,
मग, जरा ओशाळून,
वादळाच्या वर्षी तू इथे होतास का, ते.