धोट्याला तुमच्यात काय म्हणतात

टॉवेलांचे भाव विचारायला आली होती एलुनेड बाई,
वेल्सची. अक्कलकोट रोडला, एप्रिलच्या भर दुपारी.
मी म्हटलं, म्हणजे इंग्लंड.
तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.
नाही, म्हणाली. आणि सूत मोजावं तसं
सावकाश, पुन्हा एकदा: नाही.

भार्गवी, माझी नात, मराठी करून सांगत होती,
मागांच्या खडखडाटात अर्धं वाटेतच सांडलं.
कळलं ते एवढं,
की वेल्श हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं,
अर्थ त्याचा परका.
स्वतःच्याच डोंगरात परका.
ते आपल्याला म्हणतात कम्री. एका मुलखातले सोबती.
मी हसलो. पणजोबा करीमनगरहून चालत आले,
चार पिढ्यांची राख इथल्याच मातीत,
अजून पेठेत आम्ही तेलंगी.

चादर उलटून पाहिली तिने.
तांबड्यावर पांढरं, मागून पांढऱ्यावर तांबडं.
बोटं थांबली.
आजीच्या पलंगावर अशीच होती म्हणे,
लोकरीची, दोन्हीकडून सुलट.
त्या आजीच्या आजीला शाळेत
गळ्यात लाकडाची फळी.
घरची भाषा तोंडातून निसटली की फळी,
दुसरं कुणी बोललं की त्याच्या गळ्यात,
शाळा सुटताना जिच्याकडे, तिला छडी.
पोरंच पोरांच्या तोंडाशी कान लावून.

मला कुणी फळी बांधली नाही.
चौथीत गुरुजींनी धोटा वर धरला, हे काय?
मी म्हटलं, नाडे.
अख्खा वर्ग चड्डीच्या नाड्याला हात लावून हसला.
तेवढं पुरलं.
पुढे बापाशीसुद्धा मी धोटाच म्हणत राहिलो,
आणि तो काही बोलला नाही.

धोट्याला तुमच्यात काय म्हणतात?
तिने विचारलं, आणि पासष्टाव्या वर्षी
कानाच्या पाळ्या तापल्या.
सांगितलं.
तिने वहीत उतरवलं, शेजारी आपला शब्द: ग्वेनोल.
म्हणजे धोटा. म्हणजे पाकोळीसुद्धा,
वळचणीला चिखलाचं घर बांधणारी.
एकच शब्द. कुणी हसत नाही.

ऑर्डर आली नाही. मीटरमागे दोन रुपयांवर अडलं.
शेजारी बिनधोट्याचे माग बसलेत,
आमचे किलोवर जातील.

काल आडवा दोरा तुटला.
ओरडलो, भार्गवी, नाडे आण गं!
ती दारात. काय आणू, तात?
मी माग बंद केला
आणि पुन्हा म्हणालो.