शालिकजिभाऊचा उशीर

दोंडाईच्यात मिरचीच्या गोदामावर आमचा स्टुडिओ.
भिंतींना गोधड्या, दाराच्या फटीत गादीचा कापूस,
तरी फेडरमध्ये लाल धूळ जातेच.
गाणारा शिंकला की टेक वाया.
हंगामात आम्ही रात्री दोननंतर रेकॉर्ड करतो,
तोलकाटा झोपल्यावर.

नवा इंटरफेस सुरतेहून आला
माझ्या भावाच्या स्वेटरात गुंडाळून.
पुढे दोन माइक, मागे पाच पिनांचं गोल भोक.
त्या भोकासाठी दीड वर्ष पैसे साठवले मी.
शालिकजिभाऊचा पॅड जुना, त्याला यूएसबी ठाऊक नाही,
त्याची केबल त्या पाच पिनांतच बसते
आणि चुकीच्या भोकात गेली तर काहीच होत नाही,
रुसवा नाही, कुरकुर नाही.
पॅडचं आउट ह्याच्या इनमध्ये:
पॅडच्या बुडाला खडूने लिहून ठेवलंय.

घरघर वेगळी. घरघर जमिनीतून येते.
लॅपटॉप ह्या भिंतीच्या बोर्डावर, मिक्सर त्या भिंतीच्या,
दोघांची अर्थिंग दोन वाटांनी खाली जाते
आणि स्पीकरमध्ये येऊन भांडते.
दोघांना एकाच बोर्डावर आणलं, तशी गप्प झाली.
घरात हे नेमकं उलटं असतं.

"आवाज ऊना का?" मी टेबलाखालून विचारलं.
"ऊना," जिभाऊ म्हणाला. मग थांबून,
"पन आज पहिलेच ऊना."

मी हसले. नंतर टेक ऐकला.
प्रत्येक ठोका कीबोर्डच्या आधी,
डोळ्याची पापणी लवावी एवढाच आधी,
पण प्रत्येक.

पूर्वी तो संबळ वाजवायचा.
संबळीत काठी आणि आवाज यांच्यामधे कोणी नसतं.
मग पॅड आला, लॅपटॉप आला,
आणि हेडफोनच्या भोकातून निघणारा आवाज,
बफर दोन हजार अठ्ठेचाळीस, कारण त्याखाली गेलं
की तडतड, फुटाण्यांसारखी.
काठी पडायची, आवाज मागून यायचा.
बारा वर्षं तो आवाजाला सामोरा गेला,
नवरदेवाला घ्यायला वेशीपर्यंत जातात तसा.
कोणी शिकवलं नाही. त्यालाही कळलं नाही.

आता आकडा एकशे अठ्ठावीस.
नवरदेव मांडवात बसलाय, पानही खाऊन झालं,
आणि आमचा माणूस अजून वेशीवर.

स्टुडिओत सोपं होतं. त्याचे ठोके निवडले,
बोटभर उजवीकडे ओढले. कोणाला कळलं नाही.
पण परवा मालपूरला लग्न.
पिकअपवर मिक्सर, लॅपटॉपखाली ट्यूबचं रबर,
माझ्या गळ्यात एक जादा केबल,
मागे जनरेटर, पुढे चारशे पाय.
तिथे उजवीकडे ओढायला माउस नसतो.

मालपूरच्या वेशीवर, हळद अजून ओली असताना,
मी आकडा परत दोन हजारांवर नेला.
दीड वर्षाच्या पैशांनी घेतलेल्या यंत्राला
मी जुना उशीर शिकवला.
शालिकजिभाऊने पहिला ठोका मारला
आणि चारशे पाय एकदम जमिनीवर आले.
कीबोर्डवाल्या हिरामणने माझ्याकडे पाहिलं.
मी वायर गुंडाळत राहिले.

आखाजीनंतरच्या लग्नाला एक हजार चोवीस.
जिभाऊ दोन गाणी चाचपडला, तिसऱ्याला लागला.
काल पाचशे बारा.
मी हे कोणाला सांगितलेलं नाही,
हिरामणलासुद्धा नाही, त्याच्या पोटात राहत नाही.

काल वरात संपल्यावर
तो पिकअपच्या फळीवर बसून काठ्या न्याहाळत होता,
एक कानाजवळ नेली, गुडघ्यावर आपटली.
"काठ्या नव्या शेतस का व?"
त्या काठ्या तीन वर्षांच्या, टोकं झिजलेली,
एकीला चिकटपट्टी, ती मीच लावलेली.
हो म्हटलं, नव्या.