सहाशेनंतर

माझं काम सहाशे मीटरपर्यंतचं.
पुढचे दोनशे माझे नव्हतेच कधी.

रविनगरचं मैदान, मे महिना, पहाटेचे पाच.
बुटाच्या नाडीत ओवलेलं स्टॉपवॉच गळ्यात घालून
गभणे सर चुन्याच्या रेघेशी उभे राहत.
"टेंभुर्णे, तू पुढं. उईके, तिच्या मागं.
तिची सावली सोडायची नाही."
पाच वाजता कुठली सावली,
पण सरांचं बोलणं तसंच.

तीन वर्षं पाठीवर ऐकत आले
रुणालीचा श्वास,
दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर.
देवलापारहून आली तेव्हा तिला स्पाइक टोचायचे,
होस्टेलचं वरण पातळ लागायचं,
आणि वळणावर ती जरा बाहेरूनच जायची,
आतल्या काठाशी कुणी झोपलं असावं तशी.
ती सवय मी मोडली. कोपरानं.

सहाशेच्या खुणेशी मी डावीकडे गवतात उतरायची,
हात गुडघ्यांवर, मान खाली,
आणि माझ्या जागेतून ती निघून जायची
दार उघडंच असल्यासारखी.
तिचे शेवटचे दोनशे मी कधी नीट पाहिले नाहीत,
डोळ्यांत घाम असायचा.
आकडा तेवढा ऐकू यायचा, आणि सरांचं "बरं."
सरांच्या तोंडी "बरं" म्हणजे दिवाळी.

जागतिक ज्युनियर स्पर्धेची उपांत्य फेरी.
तिकडे संध्याकाळ, नागपुरात रात्रीचे पावणेदोन.
नऊ जणी, एक मोबाईल,
कूलरच्या टपाला टेकवलेला.
वाळ्याचा ओला वास.
झोपा म्हणायला आलेल्या वॉर्डनबाई दारातच थांबलेल्या.

पाचव्या लेनमध्ये आपली उईके.
पहिलं वळण संपलं, लेन तुटल्या,
आणि आठही जणी आतल्या काठाकडे आल्या,
नळाला पाणी आलं की बादल्या येतात तशा.
ती तिसरी. रेघेला चिकटून.
पुढं इथिओपियाची उंच पोरगी, शेजारी पोलंडची.
घंटा वाजली.
"मस्त चाललीये," कुणी तरी म्हणालं.
मी तिची पावलं पाहत होते.
ती धावत होती, पण वाट पाहत होती.

पाचशे. साडेपाचशे. सहाशे.
तेव्हा पोटात गोळा आला.
ती माझीच वाट पाहत होती.
पुढची पाठ आता डावीकडे उतरेल,
गवतात जाईल, गुडघ्यांवर हात ठेवेल.

पुढची पाठ उतरली नाही.

"बाहेरून काढ, उईके, बाहेरून!"
माझ्या ओरडण्यावर मोबाईलमध्ये
गोल चक्र फिरत राहिलं.
चित्र परतलं तेव्हा ती पाचवी,
आणि दम शिल्लक.
हरलेली पोरगी पाहवते एक वेळ,
दम शिल्लक असलेली पाहवत नाही.

"जगात पाचवी म्हंजे काय कमी हाय का माय?"
वॉर्डनबाई म्हणाल्या.
उपांत्य फेरी आहे ही, असं कुणी सांगितलं नाही त्यांना.

विमानतळावर ढोल, हार,
फ्लेक्सवर तिचं आडनाव चुकलेलं.
दुसऱ्या दिवशी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर
ती चमच्यानं तर्री बाजूला सारत बसली.
मग म्हणाली,
"उद्या सहाशेवर हटू नको."
"मंग?"
"जागा देऊ नको मले. घेऊ दे."

सोमवार, पहाटे पाच.
सहाशेची खूण आली,
डावा पाय सवयीनं गवताकडे वळला.
मी त्याला परत आणला.
पुढचा ट्रॅक मला ठाऊक नव्हता.
मांड्यांत शिसं, घशात लोखंडाची चव,
आणि उजव्या खांद्याशी तो श्वास,
दोनाला आत, दोनाला बाहेर,
मग एकाला एक,
मग तिचं कोपर. माझंच, मी शिकवलेलं.

रेघेपलीकडे दोघी आडव्या.
सरांनी दोन आकडे वाचले.
दुसरा माझा होता.
तीन वर्षांत आठशेचा पहिला आकडा.

"बरं," सर म्हणाले.
कुणाला, ते मी विचारलं नाही.