लाख

टोलीडोत, जुन्या टायरच्या गोदामावर
झिग्मंटचा स्टुडिओ. खिडकीबाहेर फेब्रुवारी,
एरी सरोवराकडून येणारा वारा.
माझ्या हातात एकोणीसशे तेवीसची तबकडी,
जगात बहुधा एवढीच उरलेली.
व्हर्लीन ट्रॅमेलच्या तळघरात ती कुंडीखाली होती.
लेबलावर पाण्याचं वर्तुळ,
नाव निम्मंच वाचता येतं.

मी तिला आंघोळ घालते. बाळाच्या टाळूवरून
फिरवावा तसा ब्रश.
झिग्मंट सुया मांडतो, सोनारासारखा,
खाचेची भिंत जिथं कमी झिजलीय
तिथं टेकेल अशी एक शोधत.
सकाळ त्यातच जाते.

मग कॉर्नेट.
मायक्रोफोनच्या आधीचा श्वास,
कर्ण्यात थेट फुंकलेला.
ढोलवाल्याला म्हणे दाराबाहेर बसवलं होतं,
सुई उडू नये म्हणून.

गिऱ्हाइकांना शांतता हवी आहे.
एकशे ऐंशी ग्रॅमची, काळीकुळकुळीत,
क्रमांक घातलेल्या पाचशे प्रती, पासष्ट डॉलर.
ऑसी ट्रॅमेलला त्या दुपारचे पंधरा मिळाले
आणि परतीचं तिकीट.
तिकीट त्यानं विकलं, व्हर्लीन सांगते.
घरी कसा आला, ते कुणी विचारलं नाही.

मी तडतड काढत बसते,
फोडणीतून मोहरी वेचावी तशी.

ही तबकडी लाखेची, हे मला इथं येऊन कळलं.
आमच्याकडच्या पळसावर, कुसुंबावर
किड्यांनी बांधलेलं घर
कुणीतरी खरवडलं, वितळवलं, जहाजात घातलं.
जिचं घर बांधून पांडवांना जाळायचं होतं
तीच ही.
ओहायोत तिच्यावर एका माणसाचा श्वास उमटला
आणि ती जळली नाही.

पळसाला पानं तीनच, कुठंही जा.
तबकडीच्या बाजूलाही मिनिटं तीनच.
ऑसीला ते ठाऊक होतं. शेवटी शेवटी
तो भराभरा सगळं सांगून टाकतो,
पाहुणा चपला घालता घालता
आल्याचं खरं कारण सांगतो तसा.

आणि तिथंच, दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर,
ठक.
परत ठक.
ओरखडा असता तर तबकडीच्या फेरीबरोबर आला असता.
हा गाण्याबरोबर येतोय.
मी हेडफोन काढला, पुन्हा घातला.
बुटाची टाच. लाकडी जमीन. बंद दार.

झिग्मंट म्हणाला, क्लिक आहे, काढ.
मी त्याला ऐकवलं. चारदा.
म्हणाला, तक्रारी येतील.
मग बराच वेळ काही म्हणाला नाही,
कॉफी करायला गेला.

मी ती ठेवलीय.
त्याचं नाव लेबलावर नव्हतंच,
पाण्यानं पुसलेलं नाही.
पाचशेतल्या निम्म्या प्रती कुणी उघडणारही नाही,
प्लास्टिकच्या आवरणात, कपाटात, भाव चढायची वाट बघत.
त्यांतही तो असेल,
दाराबाहेर,
लय न सोडता.