बावीस सेंटिमीटर

तार्तूत नोव्हेंबरला साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
काचेवर गुलाबी-जांभळं काहीतरी सांडलेलं,
चार मायक्रॉन जाडीचं,
मुहू बेटावरच्या एका बाईच्या गर्भाशयातलं.
वय एकसष्ट. नाव हेल्गी तुइस्क.

मी मोजते.
दहा क्षेत्रं, आणि त्यात
दुभंगायच्या बेतात असलेल्या पेशी.
एक.
मग बराच वेळ कुणीच नाही.
मग दोन, शेजारीशेजारी, कुजबुजल्यासारख्या.
शेवटी सात.
रेइन म्हणतो सहाच; सातवी मरते आहे,
तिचं काही दुप्पट होत नाहीये.
मरणारी आणि वाढणारी
भिंगाखाली इतकी सारखी दिसते
की आम्ही दोघं पंचवीस वर्षं त्यावरच भांडतोय.

दहा असत्या तर कॅन्सर लिहून मोकळी झाले असते.
तीन असत्या तर, जा बाई घरी,
धुरी दिलेले मासे खा.
सातला पुस्तकात लांबलचक नाव आहे.
अर्थ एवढाच : तळ्यात-मळ्यात.
शितावरून भाताची परीक्षा, खरं आहे,
पण शीतच अर्धवट शिजलेलं असलं तर?

अहवालात दोन ओळी.
त्यातलं ‘अनिश्चित’ मी तीनदा खोडलं,
तीनदा लिहिलं.

माझ्याकडे माणसं येत नाहीत, तुकडे येतात.
हेल्गी स्वतः आली.
बोट, बस, पुन्हा बस. कोटाला डिझेलचा वास.
म्हणाली, दाखवा.

भिंगाला डोळा लावून ती खूप वेळ बसली.
“यातल्या वाईट कुठल्या?”
“ही. ही बहुतेक. ही… रेइनला विचारावं लागेल.”
ती हसली नाही.
मीही गमतीनं म्हटलं नव्हतं.

मग आपणहून सांगू लागली :
एकोणीस हिवाळे समुद्रावरच्या बर्फरस्त्याची राखण.
पहाटे गिरमिटानं भोक पाडायचं, पट्टी घालायची.
बावीस भरले तर फाटक उघडं,
एकवीस भरले तर बंद.
“बर्फाला काय कळतंय बावीस म्हणजे काय!
पण फाटकाशी गाड्या थांबलेल्या.
कुणाचं लग्न, कुणाची दाढ ठणकतेय.
कुणीतरी आकडा सांगावाच लागतो.”

कधी चुकला?
“एकदा. बावीस भरले होते.”
त्यापुढे ती बोलली नाही,
मी विचारलं नाही.

बर्फावर सीटबेल्ट लावायचा नसतो,
हे तिनं दारात, टोपी चढवता चढवता सांगितलं.
“तशीच बसते मग. पट्टा सोडून, काच थोडी खाली.
मे महिन्यात पुन्हा भोक पाडू.”

ती गेल्यावर काच परत भिंगाखाली सरकवली.
सातवी होती तिथेच, अर्ध्यावर थांबलेली.
फॉर्मलिन अंगावर आलं त्या क्षणी
ती नेमकं काय करत होती,
तिचं तिला ठाऊक.