सॅम्पलचं दूध

ताकारीच्या अलीकडं, कालव्याला लागून
आमचं दूध संकलन केंद्र.
पहाटे साडेपाचला शटर वर जातं
आणि शटरखालून माझ्या आधी ती आत.
पोटाशी पांढरी, पाठीवर पेंडीचा रंग,
म्हणून सरकी.

चौऱ्याऐंशी सभासद.
प्रत्येकाच्या किटलीतनं वाटीभर सॅम्पल,
मशीनला लागतं चमचाभर.
उरलेलं?
"मांजराला," म्हणायचे सेक्रेटरी,
आणि सगळ्यांदेखत बशीत ओतायचे थोडं.
लोक हसायचे. मुकं जनावर, पिऊ दे.

मी फॅट वाचते. सहा पॉइंट दोन. सहा पॉइंट पाच.
कुणी पाणी घातलंय ते मला
मशीनच्या आधी धारेवरनं कळतं.
सरकीचं मात्र कळलं नाही.
महिनाभर ती कोपऱ्यात पातळ हागत होती,
मी वर राख टाकत होते आणि शिव्या घालत होते.

हणबर डॉक्टर आले होते खरं तर
रेवाक्काच्या गाभण जर्सीला बघायला.
केंद्राच्या नळावर कोपरापर्यंत हात धुताना म्हणाले,
"दूध बंद करा तिचं.
आईचं सुटलं की दूध पचवायचं विसरतं मांजराचं पोट.
एखाद्याला सोसतं, हिला नाही सोसत.
विष नव्हे ते. पण तिचं अन्नही नव्हे.
पाणी ठेवा वाटीत. आणि उंदरं आहेत की
पेंडीच्या गोदामात, तिला काय कमी?"

एवढंच बोलून गाडीला किक मारली त्यांनी.
मला आठवलं लग्नानंतरचं पहिलं वर्ष.
सासूबाई रोज पेलाभर धारोष्ण द्यायच्या, कौतुकानं,
आणि मी कालव्याच्या कडेला पोट धरून बसायची.
सांगणार कुणाला?
चार म्हशींच्या घरात
दूध सोसत नाही म्हणणारी सून.
मांजराला निदान डॉक्टर भेटला.

फळ्यावर खडूनं लिहिलं :
गाईचा दर, म्हशीचा दर,
आणि त्याखाली, मांजरास दूध घालू नये.

दोन दिवस कुणी काही बोललं नाही.
तिसऱ्या दिवशी शिदगोंडा आण्णा,
दीड लिटरचे सभासद,
चष्मा कपाळावर सरकवून फळा वाचत राहिले बराच वेळ.
"मग आता," ते म्हणाले,
"सॅम्पलचं दूध कोण पितं?"

रांगेत झाकणं वाजायची थांबली.
सेक्रेटरी वहीत बघत होते,
डोळे जवळजवळ मिटून.

सरकी पोत्यांच्या थप्पीमागं
काहीतरी खुडबुडत होतं तिकडं कान लावून बसलेली,
डोळे टक्क उघडे.

मी आण्णांची किटली पुढं ओढली. वाटी बुडवली.
चमचाभर मशीनला.
बाकीचं, सगळ्यांदेखत,
परत किटलीत.